केशोरीचा बुटका खांब

धान विकायला आलेला माणूस चांगलं वर ठेवतो आणि ओलं खाली दडपतो, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. बाकी सगळ्या गोष्टींबद्दल आहे. गोंदियाच्या एका राइस मिलसाठी मी केशोरी गावच्या वजनकाट्यावर धान खरेदी करतो. हातात परखी असते, म्हणजे पोत्यात खुपसायची टोकदार पोकळ नळी. समोरचा कितीही गोड बोलला तरी ती तळाच्या कोपऱ्यातच जाते.

मागच्या हंगामाच्या शेवटी मिलच्या ऑफिसातून बोलावणं आलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

सेठची मुलगी शिकून परत आली होती. तिने भिंतीवरच्या टीव्हीवर आलेखाचे दोन खांब दाखवले. मिलच्या दुसऱ्या, नागऱ्याच्या काट्याचा उंच आणि केशोरीचा त्याच्या कमरेएवढा. नमुन्याचं धान छोट्या यंत्रात भरडलं की अख्खा तांदूळ किती निघतो, त्याची ती हंगामभराची सरासरी होती. मिलमध्ये सगळं धान एकत्र होतं, त्यामुळे कुठल्या काट्याचं कसं, हे नमुन्यावरूनच ठरायचं.

"देखो भाऊ," सेठ म्हणाले, "केशोरी बंद करना पडेगा."

काटा गेला की माझं काम गेलं, आणि पन्नाशी उलटलेल्या माणसाला दुसरीकडे कोण उभं करणार? त्यात नागऱ्याला बसतो सेठचा मेहुणा. सगळं आधीच ठरलंय आणि खांब नुसते देखाव्याला आहेत, हे मी मनोमन पक्कं केलं.

मी टीव्हीला नाक लावून डावीकडचे आकडे वाचले. ते शून्यापासून नव्हतेच, मधूनच सुरू होत होते.

"बेटा, खांबांचे पाय कोणी कापले?"

"फरक नीट दिसावा म्हणून, काका."

"फरक दिसावा म्हणून, की मी जावं म्हणून?"

सेठ खाकरले. पोरीने शून्यापासून आकडे लावले आणि दोन्ही खांब जवळजवळ एका उंचीचे झाले. मी मिशीत हसलो. पण तीही काही कच्ची नव्हती. तिने महिन्यावार रेघा काढल्या. "फरक लहान झाला, काका, पण गेला नाही. नुसता योगायोग असता तर एखाद्या महिन्यात केशोरी वर आली असती."

केशोरीची रेघ खरंच दर महिन्याला खाली होती.

"तुम्ही नमुना कुठून काढता?" तिने विचारलं.

"तळाच्या कोपऱ्यातून. मला कोणी फसवू शकत नाही."

तिने नागऱ्याला फोन लावला. स्पीकरवर मेहुणा म्हणाला, "वरूनच घेतो मूठभर. आपलीच माणसं आहेत ना!"

फोन ठेवून ती हसायला लागली. "बाबा, या खांबांत धान नाहीच. एकात मामा आहेत आणि एकात काका."

मग ठरलं की दोन्ही काट्यांवर वरचं, मधलं आणि खालचं धान मिसळून नमुना काढायचा आणि पुढचा एक हंगाम थांबायचं. मेहुण्यावर माझा विश्वास नव्हताच. मी दोनदा बसने जाऊन त्याची परखी पाहून आलो. हंगाम सरला तेव्हा रेघा कधी याची वर, कधी त्याची वर अशा चालल्या होत्या. केशोरी राहिली आणि मीही राहिलो.

पण नव्या पद्धतीचा पहिला दिवस मी विसरत नाही. माझ्या परखीला कायम शिव्या घालणारी एक म्हातारी धान घेऊन आली होती. काट्यावर चढवलेल्या पोत्यात मी परखी आधी वरच्या बाजूला खुपसली, तशी ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आज वरतून कायले घेऊन राहिले, भाऊ?"

"आता तिन्ही जागचं घ्यायचं, आजी."

मी पोत्यांकडे पाहतो तसं तिने माझ्याकडे पाहिलं. मला राग आला आणि लाजही वाटली.

"काऊन? काटा तं नाई ना बिघडवला?"

तिने पोतं खाली उतरवायला लावलं. पदराला पुसून चष्मा चढवला, रिकाम्या काट्यावर शून्य आहे ना ते वाकून वाचलं, आणि मगच पोतं परत चढवू दिलं.