शेठ मेक्सिकोला चालले

आमच्या वाळूजच्या कारखान्याचा मालक सुदर्शन शेठ मेक्सिकोत नवा कारखाना टाकतोय, हे त्यानं आम्हाला हसत हसत सांगितलं. मला त्या हसण्याचाच संताप आला. म्हणे, आपण जिला सुटे भाग देतो ती मोटार कंपनीच तिकडं गेली. इथून बोटीनं माल धाडला तर उशीर होतो, वर तिथलं आयात शुल्क. त्यांनी बजावलंय, शेजारी या, नाहीतर आम्ही दुसरा बघतो. गिऱ्हाईक जाईल तिथं आपण जायचं, असं तत्त्वज्ञान झाडून झाल्यावर हळूच म्हणाला, इथली पत्रा दाबून भाग काढणाऱ्या प्रेसची शेड बंद होईल.

सगळ्यांनी मोहियोद्दीनभाईंकडं पाहिलं.

भाईंची हयात त्या शेडमध्ये प्रेसवर साचे बसवण्यात गेली. मागल्या साली पगारवाढीसाठी आम्ही काम बंद करायला निघालो, तेव्हा याच माणसानं आम्हाला गेटवर अडवलं. "शेठनं मला जबान दिलीय. नवी शेड इथंच होनार. यंदा दम धरा." आम्ही शेठवर नाही, भाईंवर भरवसा ठेवला आणि वाढ सोडली.

आता शिफ्टच्या बसमध्ये त्यांच्या शेजारी कुणी बसेना. पॅकिंगची केसरबाई तोंडावर म्हणाली, "तुमच्या जबानीनं आमची चूल इझवली, भाई." खरं सांगतो, मला लई बरं वाटलं.

शेठ दर ईदला उस्मानपुऱ्यात भाईंच्या घरी शिरखुर्मा प्यायला यायचा. आपल्या घरी खाणारा माणूस दगा देणार नाही, एवढ्यावर भाई भुलले होते. यंदाही निर्लज्जासारखी गाडी आली. मी त्याच गल्लीतला, समोरच उभा होतो.

"ईद मुबारक, भाई! तिकडच्या पोरांना शिकवायला तुम्हालाच नेणार," म्हणत शेठ गळाभेटीला पुढं झाला.

भाई दारातून हलले नाहीत. त्यांची लेक कहकशा वाटी घेऊन बाहेर आली, तिला त्यांनी हातानंच थांबवलं.

"शेठ, गिऱ्हाईक तिकडं गेलं म्हनून तुमी तिकडं चालले. मंग इथं कुनाकडं आलात? इथं तुमचं कोन ऱ्हायलं?"

शेठ हसायला गेला, पण जमलं नाही. गाडी वळवून निघून गेला. ईदच्या दिवशी दारातला पाहुणा परत पाठवलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

मग लेकीच्या हातातली वाटी घेऊन भाई गल्ली ओलांडून आले आणि ती माझ्यापुढं धरली. माझा हात काही पुढं झाला नाही.

"भाई, वाढ आमी तुमच्या सांगन्यावर सोडली व्हती," मी म्हणालो, आणि घरात जाऊन दार लावून घेतलं.