एफ-वन दाबा, बाई

जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. वाशीममध्ये नवी नवी कार्यालयं उघडत होती आणि तिथला प्रत्येक बाबू एकच सांगू लागला होता, अर्ज कॉम्प्युटरवर टाइप करून आणा. मी लग्न झाल्यापासून घरी मराठी टायपिंग करायची. वकिलांचे कारकून येत, पेन्शनवाले येत, जमिनीच्या भांडणाचे कागद घेऊन खेड्यांतले लोक येत. ते हळूहळू येईनासे झाले. टाइपरायटरवर कापड टाकलं ते चार-चार दिवस निघेना, तेव्हा मी कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं.

आमचे हे रेल्वेतून नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांच्या निवृत्तीच्या पैशांतूनच तो घेतला, अकोल्याच्या एका दुकानातून. दुकानदार चाळिशीचा, गोड बोलणारा. 'एकदम नवा पीस हाये, बाई,' म्हणाला. मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरची सीडी त्यानं वेगळी दिली. 'घरी जाऊन टाका. नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट करत जा, झालं.' आम्ही निघता निघता आणखी एक सांगितलं. 'चालू करताना काळ्या पडद्यावर एक ओळ येईन. ते वाचत बसू नका. एफ-वन दाबा अन् पुढे चाला.'

पॅसेंजरमध्ये मॉनिटर ह्यांच्या मांडीवर आणि सीपीयू माझ्या मांडीवर, असे आम्ही घरी आलो.

काळ्या पडद्यावरची ती ओळ मी पहिल्याच दिवशी वाचली. इंग्रजी होती. 'एरर' आणि 'एफ-वन' एवढेच दोन शब्द कळले. एफ-वन दाबलं. पुढे सगळं सुरळीत दिसलं. सीडी घातली, नेक्स्ट केलं, पुन्हा नेक्स्ट केलं. निळी पट्टी सावकाश भरत गेली, अगदी शेवटाला आली, आणि खट्कन एक चौकोन उघडला. लायसन्स चालत नाही, म्हणे. ओके दाबलं की सगळं बंद.

मी सीडी काढून पदरानं पुसली. परत घातली. परत तेच. तिसऱ्यांदा पट्टी अर्ध्यावर असताना लाईट गेली. भारनियमनाचे दिवस होते ते. लाईट आल्यावर नव्यानं सुरुवात केली तर मशीन म्हणते, हे सॉफ्टवेअर आधीच टाकलेलं आहे. काढायला गेले तर म्हणते, असं काही सॉफ्टवेअर इथे नाही.

'आता ते हाये का नाई, हे तरी याले मालूम हाये का?' मी म्हटलं.

'सावकाश घे वं,' हे म्हणाले. 'मशीन हाये, मानूस नाई.'

ह्यांचं हे सावकाशपण मला आयुष्यभर बरं वाटत आलं, पण त्या आठवड्यात ते ऐकलं की अंगाचा भडका उडायचा.

चौकातल्या एसटीडी बूथवरून मी दुकानात फोन लावला. 'सीडीवर ओरखडा असेल,' दुकानदार म्हणाला. 'दुसरी पाठवतो.' एसटीच्या कंडक्टरबरोबर दुसरी सीडी आली. तिचंही तेच. पुन्हा फोन केला तर म्हणाला, 'तुमी नेक्स्ट लवकर दाबत असान, बाई. टाइपरायटरची सवय हाये तुमाले. हात हलका ठेवा.' बूथवाला शेजारीच बसून ऐकत होता, तो हसला. मी फोन ठेवला.

मग एका पाहुण्यानं सांगितलं, घरातली वायरिंग खराब असेल. ह्यांनी वायरमन आणला. त्यानं अंगणात खड्डा खणून नवं अर्थिंग केलं. स्टॅबिलायझर आणला. खोलीभर तो घुंई करत राहायचा आणि मराठी सॉफ्टवेअर काही चालायचं नाही. शेवटी सीपीयू चादरीत गुंडाळून मी अकोल्याला नेला.

दुकानदारानं तो माझ्यासमोर टेबलावर ठेवला, वायरी लावल्या, आणि पाच मिनिटांत पडद्यावर मराठी अक्षरं उमटली. मी स्वतः खुर्चीत बसून 'मा. तहसीलदार साहेब' असं टाइप केलं. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

'पाहा,' तो म्हणाला. 'आमच्या इथं चालते. मंग गडबड तुमच्याकडंच हाये.'

घरी आणला. लावला. एफ-वन दाबलं. सॉफ्टवेअर उघडायला गेले तर पुन्हा तोच चौकोन. लायसन्स चालत नाही.

त्या दिवशी मी जेवले नाही. हे ताट वाढून बसले होते. 'खाऊन घे, मंग पाहू,' म्हणाले. मी म्हटलं, 'तुमी खा. मी याच्या तोंडाकडे पाहत बसते.'

इतका राग कशाचा, हे ह्यांना कळत नव्हतं, आणि मला सांगायचं नव्हतं. मशीन माझ्याकडेच का बिघडतं, हा प्रश्न माझ्यासाठी नवा नव्हता.

सत्तरच्या दशकात मी जऊळक्याहून पॅसेंजरनं वाशीमला टायपिंग शिकायला यायची. मॅट्रिक झालेली आमच्या वस्तीतली मी पहिली मुलगी. वडील मजुरी करायचे, पण टायपिंगची फी त्यांनी वेळेवर भरली. वर्गात सर होते, त्यांनी पहिल्या दिवशी माझं आडनाव विचारलं, गाव विचारलं, आणि कोपऱ्यातलं मशीन दाखवलं. त्या मशीनचा 'र'चा दांडा वर जायचा आणि तिथेच अडकायचा. दर वेळी डाव्या हाताच्या बोटानं तो खाली ओढायचा. मराठीत र टाळून काय लिहिता येतं? बाकीच्या मुली आणि मुलं मशीन बदलून बदलून बसायची. माझं मशीन कायमचं तेच.

महिनाभर मी गप्प राहिले, मग म्हटलं, 'सर, मले दुसरं मशीन द्या ना. याचा र अडकते.'

सर मान वर न करता म्हणाले, 'मशीन बरोबर हाये. बोटं सुधार.' आणि मागच्या बाकाकडे पाहून जरा मोठ्यानं बोलले, 'तुमच्या लोकाईले सगळं आयतं पायजे.'

मागची दोघं-तिघं हसली. मी खाली बसले आणि र ओढत ओढत पूर्ण पान टाइप केलं. पुढे परीक्षा पास झाले, कामं मिळाली, संसार झाला. सरांना मात्र मी उलटून काहीच बोलले नाही. ते मशीन मोडकं आहे हे त्यांना माहीत होतं. माहीत असून माझ्या बोटांवर ढकललं, हे मला त्याच दिवशी समजलं होतं. आता पन्नाशीला टेकताना दुकानदार तसंच म्हणत होता, गडबड तुमच्याकडंच हाये.

दुसऱ्यांदा सीपीयू अकोल्याला नेला तेव्हा मी त्याच्या हातांकडे नजर लावून उभी राहिले. मशीन चालू करताना काळ्या पडद्यावर ती ओळ आली. त्यानं एफ-वन दाबलं नाही. दुसरंच काही तरी दाबलं. एक निळा पडदा आला. तो माझ्याकडे पाठ करून पडद्यासमोर आडवा उभा राहिला आणि पटपट काही आकडे मारले.

'हे काय केलं तुमी?' मी विचारलं.

'काई नाई. आमचं टेक्निकल असते.'

'मले सांगा ना. घरी करता येईन.'

'तुमच्या कामाचं नाई ते, बाई.'

सॉफ्टवेअर चाललं, अर्थात. घरी आणल्यावर बंद पडलं, तेही अर्थातच.

मग मी ठरवलं, याच्यावर ग्राहक मंचात तक्रार करायची. मराठी तर चालत नव्हतं, पण मशीनमध्ये आधीपासून एक साधा इंग्रजी लिहायचा प्रोग्राम होता. तो उघडला. माझं इंग्रजी अर्जापुरतंच, पण संताप इतका होता की शब्द सुचत गेले. कोणताही अर्ज करायचा तर आधी वर उजवीकडे तारीख. मेनूत तारीख घालायची सोय दिसली, म्हणून ती दाबली. मशीननं आपल्या मनानं तारीख टाकली.

एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. मला आधी वाटलं, हे मशीन तारीखसुद्धा खोटी बोलते. ती खोडली, परत मेनू दाबला, परत तीच. मी ह्यांना हाक मारली.

'अहो, इकडे या. हे पाहा काय म्हनून राह्यलं.'

ह्यांनी चष्मा लावला. 'ऐंशी? ऐंशीत तर आपलं लगन झालं.'

'लगनाचं सोडा. याले वाटते आज ऐंशी साल हाये. अन् ते सॉफ्टवेअर यंदाचं हाये, सीडीच्या पाकिटावर लिहिलं हाये. त्याचं लायसन्स यंदापासून सुरू. याच्या हिशोबानं ते लायसन्स अजून जन्मालेच आलं नाई.'

ह्यांनी सीडीचं पाकीट उचलून त्यावरचं साल वाचलं. मग म्हणाले, 'तारीख बदलून पाह्य बरं.'

पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर दोनदा दाबलं की तारखेची चौकट उघडत होती. मी वर्ष बदललं, महिना बदलला, दिवस बदलला. मराठी सॉफ्टवेअरवर क्लिक केलं. उघडलं. काही आवाज न करता, आपलं शहाण्यासारखं उघडलं.

मला आनंद व्हायला हवा होता. पण मला दुकानदाराची ती आडवी पाठ दिसली, आणि त्यानं पटपट मारलेले आकडे म्हणजे तारीख होती हे कळलं. आणि मी रडले. ह्यांना वाटलं, सुटका झाली म्हणून रडते. त्यांनी पाणी आणून दिलं. मी ते घेतलं नाही.

दुपारी लाईट गेली. आल्यावर मशीन चालू केलं तर पुन्हा ऐंशी साल. ह्यांना रेल्वेतली उपकरणं माहीत होती. ते म्हणाले, 'आत कुठं तरी सेल असन. लाईट नसताना तारीख ध्यानात ठेवते थो. थो मेला हाये.' सीपीयूचा पत्रा उघडला तर आत रुपयाएवढा एक चपटा सेल होता. त्याच्याभोवती पांढरट पूड धरली होती, आणि आतल्या साऱ्या सर्किटवर बोटभर धूळ होती. नव्या मशीनमध्ये एवढी धूळ कुठून आली?

आम्ही दोघं अकोल्याला गेलो. सीपीयू घरीच ठेवला, फक्त तो सेल रुमालात बांधून नेला. दुकानात एक नवरा-बायको बसले होते. केनवडचे होते, फोटो स्टुडिओसाठी कॉम्प्युटर घ्यायला आलेले. दुकानदार त्यांना चहा देत होता. आम्हालाही या म्हणाला.

मी रुमाल सोडून सेल टेबलावर ठेवला.

'हा मेलेला हाये,' मी म्हटलं. 'तुमाले मालूम होतं.'

तो सेलकडे पाहत राहिला. 'सेल होय? सेल का, केव्हाबी जाते, बाई. देतो ना नवा.'

'तुमी दर वेळी तारीख टाकून मले दाखवली अन् मंग म्हनले, गडबड तुमच्या घरची. आमी अंगनात खड्डा खनला. मले अकोल्याच्या चकरा मारायले कायले लावल्या?'

'लहान गोष्ट हाये, बाई. इतकं कायले...'

'मशीन जुनं हाये, हे लपवायसाठी लावल्या.'

तो चहाच्या किटलीकडे वळला. हे शेजारी उभे होते. ह्यांच्या तोंडून आता 'सावकाश' येणार असं मला वाटलं. ते म्हणाले, 'बाई विचारून राह्यली. सांगा ना.'

दुकानदारानं आत जाऊन नवा सेल आणला आणि माझ्यापुढे ठेवला. माफी मागितली नाही. जुनं मशीन परत घेऊन नवं द्यायलाही तयार झाला नाही. बिल झालं म्हणे, गॅरंटीत बसत नाही म्हणे. त्यावर आमची बरीच बाचाबाची झाली आणि निघालं काहीच नाही.

निघताना मी त्या केनवडच्या बाईकडे वळले. ती माझ्याहून बरीच लहान होती, कपातला चहा तिनं प्यायलाच नव्हता. मी म्हटलं, 'घ्यायचा तर घे, पोरी. पन आधी वायर काढून पंधरा मिनिटं थांब. मंग चालू करून तारीख पाह्य.'

तिनं कप खाली ठेवला आणि दुकानदाराला म्हणाली, 'भाऊ, वायर काढा बरं याची.'

पुढे काय झालं ते पाहायला आम्ही थांबलो नाही. गाडीची वेळ झाली होती.

नवा सेल बसला, तारीख टिकली, कामं पुन्हा येऊ लागली. ग्राहक मंचातली तक्रार मी पूर्ण केली, मराठीत, त्याच मशीनवर. तिचा निकाल लागायला फार वेळ गेला आणि लागला तो अर्धामुर्धा, चकरांचा खर्च मिळाला, मशीन काही बदलून मिळालं नाही. लोक म्हणायचे, जाऊ द्या, मशीन चालतंय ना. हे मात्र दर तारखेला माझ्याबरोबर यायचे, डबा घेऊन, आणि बाहेरच्या बाकावर बसून राहायचे.