तीन हात लागणारी खिडकी

सांगतो, पण हसायचं ते शेवटी हसा. माझी अक्कल कुठवर पोचते, हे साऱ्या सासुरवाडीला एका खिडकीमुळे कळलं!

शहापूरच्या आमच्या घरात खिडक्यांना आतून सागवानी पल्ले बसवले होते. रंग निवडायला मी आणि बायको वंदना दुकानात गेलो. मी कार्डावरच्या सगळ्यात काळ्या रंगावर बोट ठेवलं. तिने पिशवीतून त्याच सागाचा तुकडा काढला, त्यावर फडक्याने एकेक रंग घासून पाहिला आणि म्हणाली, "लाकडाची रेघ दिसली पायजे. नाईतर पत्रा काय वाईट होता?" पटलं बुवा! मधासारखा रंग ठरला. बाईची नजर म्हणजे नजर.

ती बाहेर पडल्यावर दुकानदार पॉलिशचा डबा हातात देत मला म्हणाला, "भाऊ, तीन हात लागतीन. हवा दमट आहे. पहिल्या हाताले आराम द्या, मंग दुसरा लावा."

मी समजलो, तीन माणसं लागणार. पॉलिशचा वास डोक्यात जात असेल, म्हणून आराम. चुकलं का काही?

वंदनाने एका दिवसात पल्ले घासले, रंगवले, पॉलिशही मारलं. दुसऱ्या दिवशी मी तिला खाटेवरून उतरू दिलं नाही. चहासुद्धा मीच केला. ती पांघरूण ओढून निवांत लोळली. असा आराम कोण सोडतो?

मग दुसरा हात! एकोडीला साळ्याला, नरेशला, फोन लावला. त्याची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, ऐन भरात होती. मी म्हटलं, "तुह्या ताईले आराम सांगतला आहे. आता तुहा हात पायजे. लवकर ये."

झालं! थोड्याच वेळात चिखलाच्या पायांनी नरेश दारात, मागे डोळे पुसत सासूबाई. रोवणीच्या बाया तशाच बांधीत, भाताच्या खाचरात, सोडून आले होते. सासूबाईंनी लेकीला कवटाळलं. "काय म्हणला वं डॉक्टर?"

"कोणता डॉक्टर?" वंदनाने माझ्याकडे पाहिलं. सगळं वदवून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "अजी, हात म्हंजे पॉलिशचा थर. माणूस नाही."

धरणी दुभंगली असती तर बरं झालं असतं. माझ्यापायी त्याची रोवणी अडली होती. दुसरा कोणी असता तर शिव्या हासडून निघून गेला असता. नरेश मात्र पोट धरून हसला, हातपाय धुतले आणि "आलोच आहो तं" म्हणत फडकं घेऊन बसला. काय मारलं पॉलिश त्याने! कुठे एक ओघळ नाही.

आणि मी? वंदनाने मला त्याच्या जागी बांधीत पिटाळलं. बायांना पऱ्ह्यांच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, पेंढ्या पोचवता पोचवता चिखलात लोळलो, पण दिवस बुडायच्या आत रोवणी उरकली.

पल्ले आता असे झळकतात, की येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, कोणत्या मिस्त्रीचं काम?

वंदना सांगते, "पयला हात माहा, दुसरा नरेशचा, तिसरा माहा."

"आन् भाऊजीचा?"

"यायनं फोन लावला होता."