फ्रिजचा झटका

दुपारी टीव्हीवर जुना इंग्रजी रहस्यपट लागला होता. माडीवर कुणीतरी चालतंय, असं त्यातली बाई सांगत होती. तिचा नवरा म्हणाला, भास आहे. डॉक्टरनं झोपेचं औषध दिलं. आमचे हे मला मराठीत सांगता सांगता चिडलेच, “अगं, ती खरं बोलतेय! कुणी ऐकत कसं नाही?”

मी कपाळावर हात मारला. फ्रिजचा झटका बसतो म्हणून मी कधीपासून सांगतेय, रबरी चप्पल घालून तो उघडतेय, तर हे म्हणतात, “तुला भास होतात.” खरं ठरायला बाईनं पडद्यावरच जायचं का?

तेवढ्यात हे फ्रिजमधलं पाणी घ्यायला उठले. त्याच्या दारापर्यंत गेले, थांबले आणि मागे येऊन मुकाट्यानं माझी रबरी चप्पल पायात सरकवली.