लॉकरमधली नथ

आईची नथ लालबागच्या बँकेत लॉकरमध्ये पडून होती आणि लॉकरवर कोर्टाचा स्टे होता. केस संपेपर्यंत कुणी उघडायचा नाही. स्टे आणला माझ्या सख्ख्या काकाने. म्हणे, आतले दागिने आजीचे, त्याचाही वाटा.

कसले डोंबलाचे आजीचे! आजीने आईला लग्नात फुटका मणी घातला नव्हता. नथ आईने मशीन बडवून, चाळीतल्या बायकांची झंपरं शिवून केली. पण हळदीकुंकवाला त्याच बायकांनी विचारलं की ही बया पदर सावरत सांगायची, "सासूबाईंनी घातली." दरवर्षी. सासूची लाज राखायची ना! काकूने तेच वाक्य उचललं आणि कोर्टात प्रतिज्ञापत्रावर घातलं. साक्षीला चाळीतल्या दोघीजणी. खोटं बोलल्या असत्या तर मी झिंज्या उपटल्या असत्या, पण त्या ऐकलेलंच सांगत होत्या.

मग आईला कॅन्सर झाला. परळच्या हॉस्पिटलात शेवटी शेवटी तिचा एकच धोशा. "सवाशीण जातंय गे बाय. माका माझी नथ घालून धाड."

वकील म्हणाला, काकाने संमती दिली तर कोर्ट लॉकर उघडू देईल. मी नायगावला काकाच्या दारात गेले, त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. "बघतो," म्हणाला. दुसऱ्या दिवशी काकू डझनभर केळी घेऊन हॉस्पिटलात आली. आईला थुंकी गिळवत नव्हती. काकू तासभर बसली, "वहिनी, बऱ्या व्हाल हो," म्हणाली आणि सहीचा विषयही न काढता उठून गेली.

आई गेली. हिरवी साडी, हिरवा चुडा, मळवट भरलेला, नाक तेवढं उघडं. काकूने पर्समधून दादरच्या बाजारातली खोटी नथ काढली आणि सगळ्यांदेखत वाकली. मी तिचं मनगट धरलं आणि सोडलंच नाही. शेवटी तिने ती नथ परत पर्समध्ये टाकली.

केस अजून चालूच आहे. बाबांना कोर्टाची पायरी चढवत नाही, म्हणून मी जाते. यंदा काकूच्या मुलीचं लग्न ठरलं. नवरीने घराण्याची नथ घालून बोहल्यावर चढायचं असतं, हे काकूला आता आठवलं. तिचा फोन आला, "बाय गो, तुझी एक सही हवी." पोरगी गुणी आहे. आईच्या उशाशी माझ्याबरोबर तीच जागली होती. तिचा काडीचा दोष नाही, हे मला चांगलं माहीत आहे.

मी डझनभर केळी घेतली आणि नायगावला गेले. तासभर बसले, चहा प्यायले, रुखवत बघितलं. काकू माझ्या तोंडाकडे बघत राहिली. निघताना पोरीच्या गालावरून हात फिरवला आणि म्हटलं, "छान दिसशील हो."