तीन पायऱ्यांची चूक

बाळारामदादा गेल्याचा फोन त्यांच्या बायकोचा, जनावहिनींचा आला, तेव्हा मी एक भाडेकरार टाइप करत होते. "ताय, तुजे दादा गेले गो... सकाली चाय घेतली नि बसल्या जागेव गेले," एवढंच त्या बोलल्या. करार न्यायला आलेला माणूस समोर उभा होता, म्हणून मी तो पुरा केला आणि त्यात घरमालकाचं नाव दोनदा चुकवलं. त्याला आता सहा आठवडे झाले. पनवेलच्या कोर्टाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये माझं टेबल आहे. बावीस वर्षं मी तिथे लोकांचे अर्ज टाइप करते आहे, पण दादांबद्दल लिहायला बसले की बोटं अडतात.

दादा पनवेलजवळच्या कोन गावचे. जासईच्या एका कंटेनर यार्डात कामाला असताना त्यांचे दोन्ही पाय गेले आणि पुढचं सगळं आयुष्य व्हीलचेअरवर गेलं. कोर्टाच्या आवारात त्यांना सगळे 'पायरीवाले' म्हणत. दुकान असो, दवाखाना असो की लग्नाचा हॉल, खुर्ची आत जाईना तर आधी मालकाला हाक मारून बाहेर बोलवायचं, उतार करा म्हणून सांगायचं, दोन महिने वाट पाहायची आणि मग दावा लावायचा. लोक म्हणत, या माणसाला दुसरा उद्योग नाही. सुरुवातीला मलाही तसंच वाटायचं, खोटं कशाला बोलू? एकदा मी म्हटलंच, "दादा, अख्ख्या पनवेलशी वैर घेतलंत तुम्ही." तर हसून म्हणाले, "वैर कसला गो? मना आत जायाचा हाय, तवराच."

त्यांची पद्धत ठरलेली होती. पायरीपाशी खुर्ची लावायची, वाकून टेपने उंची मोजायची आणि तिथूनच मला फोन करायचा. मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर उतरवून घ्यायचे आणि मागच्याच अर्जावर नवं नाव, नवा पत्ता, नवं माप चढवायचे. आमच्या धंद्यात सगळेच तसं करतात. एका कापडदुकानाच्या अर्जात मी नाव बदललं, पत्ता बदलला, आणि आधीच्या अर्जातल्या 'तीन पायऱ्या' तशाच राहिल्या. या दुकानाला पायरी एकच होती, चांगली वीतभर उंच, आणि दादांनी फोनवर एकच सांगितली होती. माझ्यावर विसंबून त्यांनी न वाचता सही केली.

दुकानदार एक झाले, प्रकरण वरच्या कोर्टात गेलं. तिथे त्यांच्या वकिलाने त्या एकाच पायरीचा फोटो पुढे केला आणि विचारलं, जागेवर गेलेल्या माणसाला एकाच्या तीन कशा दिसल्या? हा घरबसल्या दावे लावतो. आधीच्या दाव्यांचा ढीग होताच. हुकूम झाला की यापुढे कोर्टाच्या पूर्वपरवानगीशिवाय बाळारामने असा एकही दावा दाखल करायचा नाही. कोर्टाला मी दोष देत नाही. कोर्ट कागद वाचतं, आणि तो कागद माझ्या हातचा होता.

मी प्रतिज्ञापत्र द्यायला निघाले, तर दादा ऐकेनात. "सही माजी हाय ना? मंग चूक पन माजीच. तू लिवून दिलास तं उद्या तुज्या टेबलाव कोन येल? मना परवानगी तरी मिलंल गो... तुजा नाव एकदा गेला का गेला." मी प्रतिज्ञापत्र दिलं नाही. ते माझ्या सोयीचं होतं.

दीड वर्ष त्यांनी एकही दावा केला नाही. मग त्यांचा नेहमीचा दवाखाना नव्या जागेत गेला, आठ पायऱ्या चढून. डॉक्टर बिचारे खाली उतरायचे आणि रस्त्यावरच, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, दादांचा शर्ट वर करून छाती तपासायचे. दादांनी दोनदा ते सोसलं आणि नंतर जाणंच सोडलं. "आत नेतील तवा दाखवीन," म्हणाले. परवानगीचा अर्ज करायचा तर जुन्या चुकीचा खुलासा द्यायला हवा होता. तो त्यांनी मला सांगितला आणि मी टाइप केला: 'मागील दाव्यात मी जागेची पाहणी न करता मजकूर दिला, ही माझी चूक आहे.' या खेपेला मात्र त्यांनी ओळीवर बोट ठेवून सगळं मोठ्याने वाचलं आणि मला चिडवलं, "आठच लिवल्यास ना? बग, नायतं अकरा करशील." मी हसले. कशी हसले, कोण जाणे.

सुनावणीची तारीख ते गेल्यावर नऊ दिवसांनी होती. अर्जदारच नाही, तेव्हा अर्ज निकाली निघाला. जनावहिनींनी मला एका शब्दानेही विचारलं नाही. त्यांना काही ठाऊकच नाही.

तो अर्ज अजून माझ्या कॉम्प्युटरमध्ये आहे. परवा उघडला, तर त्या एका ओळीपाशी दादांचं बोट आणि तो खर्जातला आवाज जसाच्या तसा... कोर्टात आता तो अर्ज कोणी वाचणार नाही, म्हणून दुरुस्ती इथे करते. बाळारामदादा त्या दुकानापाशी गेले होते. त्यांनी वाकून पायरी मोजली होती आणि मला एकच सांगितली होती. तीन मी लिहिल्या.