जनीबाय आणि समुद्रातली हद्द

ईशा, निहार, महिन्यापूर्वी एका सकाळी जनीबायची सून सुनंदा दारात आली. डोक्यावर टोपली नव्हती. "आई गेल्या," एवढंच म्हणाली... आपल्या तारापूरच्या घरी वर्षानुवर्षं म्हावरं आणणारी, तुम्ही सुट्टीत आलात की "काटं काडून खा रं, सायबा" म्हणून निहारला दटावणारी जनीबाय.

तिचा एकुलता एक मुलगा हरेश गुजरातच्या बोटीवर खलाशी होता. मासळी मिळेना म्हणून बोट पुढे पुढे गेली. पाण्यात काही रेघ आखलेली नसते. पलीकडच्या गस्तीवाल्यांनी सगळ्यांना धरून कराचीच्या तुरुंगात नेलं. शिक्षा केव्हाच भोगून झाली, तरी सुटका नाही. दोन्ही देश एकमेकांचे मच्छीमार सोडतात, पण संबंध बरे असले तरच. तिच्या वतीने मी सरकारला इंग्रजीत अर्ज लिहायचे. 'प्रकरण विचाराधीन आहे,' असं उत्तर यायचं. जनीबाय म्हणायची, "बाय, त्यांची पोरं पन हायत ना आपल्याकडं? आदी ती सोडा म्हनावं. त्यांच्या आया पन रडत असतील." तेही मी एका अर्जात घातलं.

मग सीमेवर तणाव वाढला. तुमच्या आजोबांचे मित्र आपल्याकडे टीव्हीसमोर तावातावाने बोलत होते. मागच्या दारी मासे साफ करणारी जनीबाय हात धुऊन आत आली. "काका, लढाई लागली तं माज्या हरेशचं काय?" एक जण म्हणाले, "जनीबाय, त्यांना धडा शिकवायलाच हवा."

"शिकवा ना! मी कुटं आडवी येतंय? पन माजं पोर आदी आना, मंग शिकवा."

सगळे हसले. ती हसली नाही.

ईशा, तू तिथे विद्यापीठात लोकमत आणि परराष्ट्र धोरण शिकतेस. लोक खवळलेले असताना कैदी सोडणारं सरकार नेभळट ठरतं, हे मलाही कळतं. पण जनीबायला ते कोणत्या शब्दांत सांगायचं, मला सुचलं नाही... पुढे टपालही बंद झालं. हरेशची कधीमधी येणारी पत्रं थांबली, तशी ती खंगत गेली. शेवटी तापाचं निमित्त झालं. अग्नी पुतण्याने दिला. हरेशला अजून काही माहीत नाही आणि कळवायला वाट नाही.

परवा सुनंदाकडे गेले. बांबूंवर वाळलेले बोंबील ती उतरवत होती. विकायचे आणि घरचे असे ढीग लावून झाल्यावर तिने थोडे निवडून एका डब्यात भरले. "हे त्यांचं, घरी येतील तवाचं," म्हणाली. "आई दर सालाला भरायच्या. जुनं काडायचं, नवं ठेवायचं."

मी विचारलं, "हरेश आला की आईचं कसं सांगशील गं?"

तिने झाकण घट्ट दाबलं. "आदी जेवाला घालीन."